पिट्सबर्ग बघायचं तर फेब्रुवारीत: एका मराठी कुटुंबाच्या स्थलांतराचं प्रकरण

"ताई, पिट्सबर्ग राहायला कसं आहे हो?" असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. मी इथे २००४ पासून आहे, मंडळाच्या कामात असते, त्यामुळे कोणाच्या तरी मावसभावाचा मित्र फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचतोच. पूर्वी मी "छान आहे, या की!" म्हणून मोकळी व्हायचे. आता तसं म्हणत नाही. का म्हणत नाही, ते या एका प्रकरणातून सांगते. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पैशांचे आकडे ढोबळ केलेले आहेत.

पार्श्वभूमी

मंदार लालबागच्या चाळीत वाढलेला. वडील गिरणी कामगार, १९८२ च्या संपात घरी बसलेल्यांपैकी. शलाका साताऱ्याची. दोघं न्यू जर्सीत एडिसनला नऊ वर्षं राहत होते. मुलगी सात वर्षांची, बालदम्याचा हलका त्रास असलेली. मंदार एच-१बी वर, म्हणजे कंपनीच्या अर्जावर मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर. जुन्या कंपनीतून आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर होऊन बरीच वर्षं झालेली, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतला नंबर पक्का, पण रांग हलत नाही. शलाका एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचं कार्ड घेऊन एका औषध कंपनीत क्लिनिकल डेटाचं काम करत होती.

एडिसनमध्ये त्यांना काही कमी नव्हतं. ओक ट्री रोडवर चितळ्यांच्या भाकरवडीपासून हळदीच्या पानांपर्यंत सगळं मिळतं, रविवारची मराठी शाळा जवळ, आणि न्यूअर्कहून मुंबईचं थेट विमान. कमी होतं ते घर. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटचं भाडं २,९५० डॉलरवर गेलं होतं आणि घर घ्यायचं म्हटलं की न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स आडवा यायचा.

सप्टेंबर २०२३ मध्ये मंदारला पिट्सबर्गच्या एका रोबोटिक्स कंपनीकडून ऑफर आली. पगार आठ टक्क्यांनी कमी. पण तिथे त्याच पैशांत अंगणासकट घर येईल, असा त्याचा हिशोब होता. हिशोब तसा चूक नव्हता.

प्रश्न नेमका काय होता

पहिल्या फोनवर त्याने मला एक एक्सेल शीट पाठवली. राहण्यायोग्य शहरांच्या याद्यांमधला क्रमांक, राहणीमानाचा खर्च, गुन्ह्यांचा नकाशा, शाळांचे दहापैकी गुण. प्रत्येक रकाना हिरवा, पिवळा, लाल. मेहनत भरपूर होती. मी त्याला एकच गोष्ट सांगितली: रँड मॅकनॅली या नकाशे छापणाऱ्या कंपनीच्या यादीत पिट्सबर्ग अमेरिकेतलं राहायला सर्वांत चांगलं शहर ठरलं ते १९८५ साली. त्याच काळात इथल्या पोलादाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि माणसं गाड्यांवर सामान बांधून टेक्सासकडे निघाली होती. यादी खोटी नव्हती. दवाखाने, विद्यापीठं, वाद्यवृंद, कमी गुन्हे, स्वस्त घरं हे सगळं खरंच होतं. ज्याची नोकरी गेली त्याच्या उपयोगाचं त्यात काही नव्हतं, इतकंच.

दुसरी अडचण "पिट्सबर्ग" या शब्दाचीच. शहराच्या हद्दीत माणसं तीन लाख. १९५० मध्ये ती पावणेसात लाखांच्या वर होती. ॲलेगेनी काउंटीत, म्हणजे शहराभोवतीच्या जिल्ह्यात, साडेबारा लाख, आणि आसपासचा सगळा पट्टा धरला तर तेवीस-चोवीस लाख. काउंटीत १३० स्वतंत्र नगरपालिका आहेत, बरो आणि टाउनशिप धरून, आणि चाळीसहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणाऱ्या आणि त्यासाठी घरांवर कर घेणाऱ्या संस्था. रस्ता ओलांडला की कर बदलतो, शाळा बदलते, बर्फ काढणारी गाडी बदलते. शहराच्या हद्दीत राहिलात तर कमाईवर स्थानिक कर ३ टक्के, बहुतेक उपनगरांत १ टक्क्याच्या आसपास. दोघांची मिळून दोन लाखांची कमाई धरली तर वर्षाला चार हजार डॉलरचा फरक, तोही एका चौकाच्या अंतरावर. मंदारच्या शीटमध्ये या सगळ्याला एकच ओळ होती.

म्हणजे प्रश्न "पिट्सबर्ग चांगलं आहे का" हा नव्हताच. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या ऋतूत आणि ही नोकरी गेली तर पुढे काय, हे तीन प्रश्न होते. शेवटचा मला सुचला नव्हता. तो मंदारच्या वडिलांनी व्हिडिओ कॉलवर विचारला, त्यांच्या भाषेत: "तिथं दुसरी गिरणी आहे का रे?"

ऑक्टोबरची भेट

ऑक्टोबरच्या एका शनिवार-रविवारी तिघं आले. विमानतळाकडून शहरात यायचं तर फोर्ट पिट बोगद्यातून यावं लागतं. बोगदा संपतो आणि एका क्षणात समोर नद्यांचा संगम, पिवळे पूल आणि उंच इमारती उभ्या राहतात. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या तोंडून "अरे वा" निघाल्याशिवाय राहत नाही. झाडं लाल-केशरी झालेली, ऊन पडलेलं. डुकेन इन्क्लाइनमध्ये बसून, १८७७ पासून चालू असलेल्या त्या लाकडी डब्यातून, ते डोंगरावर गेले. रविवारी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात दर्शन. हे १९७६ चं मंदिर, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या हिंदू मंदिरांपैकी. तिथे दहीभात खाऊन मुलगी खूश. संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा शलाकाच्या डोळ्यांत घर घेतल्याची चमक होती. उत्तरेकडच्या एका टाउनशिपमध्ये त्यांनी नव्या बांधकामाचं नमुना-घर बघून ठेवलं होतं.

मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे विहीर घ्यायची तर वैशाखात बघतात. तुम्ही श्रावणात बघून चाललात. फेब्रुवारीत या, आणि शनिवारी नको, मंगळवारी या.

मंदारला हे फारसं रुचलं नाही, हेही नोंदवते. कंपनी उत्तर मागत होती, आणि दोन दिवसांची रजा, हॉटेल, विमान हा खर्च त्याला फुकटचा वाटत होता. शलाकाने हट्ट धरला म्हणून ते आले. कंपनीने रुजू व्हायची तारीख एप्रिलवर न्यायला मान्यता दिली. मागितली म्हणून मिळाली. आपली माणसं मागतच नाहीत.

फेब्रुवारीची भेट

या दोन दिवसांनी सगळं प्रकरण फिरवलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

हॉटेल मुद्दाम शहराच्या पूर्व भागात घेतलं होतं. मंगळवारी सकाळी सात वाजता शलाकाचा फोन. "ताई, खोलीत गॅस गळतोय का? सडक्या अंड्यासारखा वास येतोय." गॅस नव्हता. शहराच्या दक्षिणेला मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यात क्लेअरटनला पोलादासाठी दगडी कोळशापासून कोक बनवणारी मोठी भट्टी आहे, देशातली सर्वांत मोठी. थंडीच्या रात्री वर गरम आणि खाली गार हवेचा थर बसला की खोऱ्यातला धूर वर जात नाही, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा साचतो, आणि सकाळी तो वास मैलोनमैल पसरतो. इथल्या लोकांना त्याची इतकी सवय आहे की कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी वास नोंदवण्यासाठी 'स्मेल पीजीएच' नावाचं ॲपच काढलं. शलाकाने त्यावर मागच्या तीन हिवाळ्यांच्या नोंदी काढून बघितल्या. वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून असतो, म्हणून नोंदींचा पुंजका पूर्वेला आणि खोऱ्यालगत जास्त, पश्चिम आणि उत्तरेला विरळ. दम्याच्या मुलीच्या आईने निम्मा नकाशा तिथेच खोडला. वर्षाची सरासरी हवा दाखवणारा एक हिरवा रकाना मंदारच्या शीटमध्ये होता, त्यात ही सकाळ कुठेच नव्हती.

साडेसातला ते उत्तरेच्या त्या टाउनशिपमधून निघून ऑफिसपर्यंत गाडी चालवून बघायला गेले. ऑक्टोबरच्या रविवारी पंचवीस मिनिटं लागली होती, आता पंचावन्न. इथले लोक बोगद्याच्या तोंडाशी उगाच ब्रेक दाबतात. का, ते वीस वर्षांत मला कळलेलं नाही. संध्याकाळी परतताना बर्फ भुरभुरत होता आणि चढावर एक गाडी आडवी झाली होती. या गावात सपाट जागा कमीच. बीचव्ह्यूमधला कँटन ॲव्हेन्यू ३७ टक्के चढाचा आहे.

आणि आकाश. दोन्ही दिवस राखाडी. वर्षभरात पूर्ण निरभ्र दिवस इथे साठच्या आसपास असतात. शलाका म्हणाली, "जुलैतलं महाबळेश्वर, फक्त थंड." बरोबर होतं तिचं. फरक एवढाच, की महाबळेश्वरहून चार दिवसांनी खाली उतरता येतं.

बुधवारी त्यांनी एक जुनं घर बघितलं, किंमत ३,४०,००० डॉलर. जाहिरातीत वर्षाचा टॅक्स कमी दिसत होता. तळघरात मधोमध, भिंत ना दार, एक उघडा कमोड. पोलादाच्या काळात कामगार तळघरातूनच घरात शिरायचे म्हणून, असं सांगतात. त्याला 'पिट्सबर्ग टॉयलेट' असंच नाव आहे. मुलीला तो फार आवडला. मी मात्र त्यांना टॅक्सवर थांबवलं. काउंटीत घरांचं सरकारी मूल्यांकन अजून २०१२ च्या किमतींवर आहे. या घराचं १,३०,००० होतं आणि जाहिरातीतला टॅक्स त्यावरचा. पण घर विकलं गेलं की स्कूल डिस्ट्रिक्ट अपील करू शकतं, की बाबांनो, याने तर एवढ्याला घेतलं! मग नवी किंमत एका ठरलेल्या गुणोत्तराने २०१२ च्या पातळीवर आणतात. २०२४ साठी ते ५४.५ टक्के होतं, म्हणजे ३,४०,००० चे सुमारे १,८५,०००. टॅक्स चाळीस टक्क्यांनी वर. शेजारी वीस वर्षं राहतोय त्याचा जुनाच. इथले लोक याला नवख्यांवरचा कर म्हणतात, आणि नवखे म्हणजे बहुधा आपणच.

शिवाय त्या घराखाली जुनी कोळशाची खाण होती. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नकाशावर पत्ता टाकला की खाण आहे का ते दिसतं. घराचा नेहमीचा विमा खाण खचल्याची भरपाई देत नाही. त्यासाठी राज्य सरकारचाच वेगळा विमा आहे, महाग नाही, पण घ्यायचा असतो हे माहीत हवं.

समोरचे पर्याय

एडिसनला परत गेल्यावर चौघांची (मला धरून) लांबलचक चर्चा झाली.

एडिसनमध्येच राहायचं. यात नोकऱ्यांचं जाळं दाट, विमान थेट, माणसं आपली. घर मात्र पुढची सात-आठ वर्षं नाही.

उत्तरेच्या टाउनशिपमध्ये नवं घर घ्यायचं. शाळा उत्तम, हवा बरी, शेजारी तेलुगू आणि मराठी कुटुंबं. पण व्याजदर सात टक्क्यांच्या जवळ, बर्फातला प्रवास, दोन गाड्यांशिवाय दूधही आणता येणार नाही.

स्क्विरल हिलसारख्या शहरातल्या भागात राहायचं. मला स्वतःला हा भाग सर्वांत आवडतो, वाचनालय आणि वाणसामान पायी अंतरावर. पण तीन टक्के कर, सकाळचा वास, आणि जुन्या घरांत पाण्याची शिशाची जोडणी असू शकते. २०१६ मध्ये शहराच्या पाण्यात शिशाचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं होतं. नंतर अशा हजारो जोडण्या बदलल्या गेल्या, शिसं पाण्यात उतरू नये म्हणून २०१९ पासून पाण्यात ऑर्थोफॉस्फेट टाकतात. सुधारणा खरी आहे, पण घर बघताना पत्ता तपासावाच लागतो.

चौथा पर्याय साउथ हिल्समध्ये टी या हलक्या रेल्वेच्या स्टेशनजवळ वर्षभर भाड्याने राहायचं आणि मग ठरवायचं.

मंदारचा कल दुसऱ्याकडे होता. "भाडं म्हणजे पैसे पाण्यात" हे त्याचं वाक्य. इथे वडिलांचा प्रश्न पुन्हा वर आला. एच-१बी वाल्याची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल करावा लागतो, नाहीतर बहुधा बायको-मुलीसकट देश सोडायचा. नव्या घराचे हप्ते डोक्यावर असताना साठ दिवस फार लहान असतात. मग आम्ही "दुसरी गिरणी" मोजायला बसलो. विनाचालक गाड्यांवर काम करणारी आर्गो एआय ही इथली मोठी कंपनी ऑक्टोबर २०२२ मध्ये एका झटक्यात बंद झाली होती. मार्च २०२३ मध्ये फोर्डने लॅटिट्यूड ही कंपनी काढून आर्गोतल्या साडेपाचशेच्या आसपास लोकांना घेतलं, आणि आर्गोच्याच संस्थापकांनी त्याच वर्षी ट्रकसाठी स्टॅक ही कंपनी इथे उभी केली. म्हणजे शहर सावरलं, कौतुकास्पद सावरलं. पण ऑक्टोबर ते मार्च हे साठ दिवस नव्हेत. शहराला सावरायला मिळालेला वेळ मंदारला मिळणार नव्हता.

त्याने कागदावर नावं लिहिली: या घडीला पिट्सबर्गात त्याच्या कामाच्या जागा काढणाऱ्या आणि व्हिसा देणाऱ्या कंपन्या. रोबोटिक्सच्या सहा, दोन बँका, दोन दवाखान्यांच्या साखळ्या, दोन विद्यापीठं. बारा. एडिसनहून न्यूयॉर्क धरून त्याने मोजणं चाळीसला सोडून दिलं होतं.

बारा पुरतात का? मला वाटलं, जेमतेम. मंदारला वाटलं, भरपूर.

निर्णय आणि पुढची पावलं

चौथा पर्याय ठरला. ऑफर स्वीकारली, घर भाड्याचं: साउथ हिल्समध्ये स्टेशनपासून दहा मिनिटांवर, तीन बेडरूम, २,२०० डॉलर. एडिसनच्या तुलनेत वाचणारे साडेसातशे डॉलर वेगळ्या खात्यात टाकायचे आणि सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत घराचं नाव काढायचं नाही, असं शलाकाने ठरवून घेतलं. या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय, आणि तो माझा नव्हता.

मंदार एप्रिल २०२४ मध्ये एकटा आला. शाळा संपल्यावर जूनअखेर दोघी आल्या. नव्या कंपनीने ग्रीन कार्डाची प्रक्रिया "वर्षभरानंतर" सुरू करू असं तोंडी सांगितलं होतं. लेखी घ्यायला मी सुचवलं, मंदारला अवघडल्यासारखं वाटलं, राहून गेलं. जुना आय-१४० मंजूर होऊन १८० दिवसांहून जास्त काळ लोटला होता, त्यामुळे रांगेतली जागा सुरक्षित होती.

शलाकाच्या कंपनीने तिला घरून काम करायला दिलं. सहा महिन्यांपुरतं. पुढचं पुढे बघू, असं सगळेच म्हणाले.

काय घडलं

उन्हाळा सुंदर गेला. मुलगी टी मध्ये बसून डाउनटाउनच्या फेऱ्या मारायला शिकली, गणपतीत तिने नाच बसवला. मंडळ लहान असल्याचा इथे एक फायदा आहे. एडिसनला नाटकात काम मिळवायला वशिला लागायचा, इथे हातपाय असले की काम मिळतं.

ऑगस्टमध्ये पहिली ठेच लागली आणि ती माझ्यामुळे. शाळा साडेतीनला सुटते. मी शाळांबद्दल तासभर बोलले होते, पण शाळेनंतरच्या पाळणाघराची नोंदणी वसंतातच भरते हे सांगायला विसरले. माझी मुलं मोठी झाली, डोक्यातूनच गेलं. यादी भरलेली. डिसेंबरपर्यंत शलाका साडेतीनच्या मीटिंगा गाडीत बसून करत होती.

ऑक्टोबरमध्ये तिच्या कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. न्यू जर्सीत औषध कंपन्या गल्लोगल्ली आहेत, इथे तसं नाही. तिला नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाच्या एका संशोधन प्रकल्पात काम मिळालं, वीस टक्के कमी पगारावर. ती हे हसून सांगते. मी हसत नाही. घराचा हिशोब मांडताना आम्ही मंदारच्या बारा कंपन्या मोजल्या, तिच्या मोजल्याच नाहीत.

त्याच सुमारास मंदारचे वडील आले. एका मधल्या विमानतळावर सहा तास बसून, व्हीलचेअरवाल्याची वाट बघत. पहिला बर्फ पडल्यावर घरासमोरच्या उतारावर त्यांचं फिरणं बंद झालं. मग मंदार त्यांना होमस्टेडच्या मॉलमध्ये चालायला न्यायचा. तिथे १९८६ मध्ये बंद झालेल्या पोलाद कारखान्याच्या बारा चिमण्या ओळीने उभ्या ठेवल्या आहेत, बाजूला सिनेमागृह आणि हॉटेलं. त्यांनी त्या मोजल्या आणि म्हणाले, "परळच्या फिनिक्स मिलवाल्यांनी एकच ठेवली."

जानेवारी २०२५ मध्ये मंदारची सगळी टीम कमी केली. गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला, एवढंच कारण सांगितलं. ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरूच झालेली नव्हती, वर्ष भरायला तीन महिने होते. साठ दिवसांची मोजणी सुरू झाली.

बारापैकी पाच कंपन्यांत त्या महिन्यात भरती बंद होती. दोन कंपन्यांनी व्हिसाचं नाव ऐकून फोन ठेवला. एडिसनच्या मित्रांनी न्यू जर्सीत दोन मुलाखती लावून दिल्या, त्यातली एक जमण्याच्या बेतात होती. सत्तेचाळिसाव्या दिवशी इथल्याच एका दवाखान्याच्या साखळीकडून होकार आला. त्यानंतरही जीव टांगणीलाच होता, कारण अर्जाआधी श्रम खात्याची एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींची मंजुरी, लागते आणि तिला कामाचे सात दिवस लागतात. अर्ज अठ्ठावन्नाव्या दिवशी पोचला. पगार आधीच्यापेक्षा थोडा कमी, काम कमी रोमांचक, पण या वेळी ग्रीन कार्डाची प्रक्रिया सहा महिन्यांत सुरू करण्याचं लेखी आहे.

त्या साठ दिवसांत घर तगलं ते वेगळ्या खात्यातल्या पैशांवर आणि २,२०० च्या भाड्यावर. उत्तरेचं ते नवं घर घेतलं असतं तर हप्ता आणि टॅक्स मिळून ३,९०० च्या आसपास गेला असता. मंदारने हा आकडा मला स्वतःहून सांगितला.

वेगळं काय करता आलं असतं

शलाकाच्या नोकरीचा शोध मंदारच्या ऑफरच्या आधी सुरू व्हायला हवा होता. मध्यम आकाराच्या शहरात एकाला नोकरी मिळणं सोपं, दोघांना आपापल्या क्षेत्रात मिळणं अवघड. किमान फेब्रुवारीच्या भेटीत तिने दोन-चार ठिकाणी भेटून यायला हवं होतं. आम्ही तो वेळ घरं बघण्यात घालवला.

ग्रीन कार्डाचं लेखी घ्यायला हवं होतं. घेतलं असतं तरी ले-ऑफ टळला नसता, हे मान्य. पण "वर्षभरानंतर" ऐवजी "रुजू झाल्यावर लगेच" असं मागता आलं असतं, आणि कंपनी कां-कू करते का, यावरून तिच्या तब्येतीचा अंदाज आला असता.

वडिलांच्या मुक्कामाचा विचार घर निवडताना झाला नाही. स्टेशनपासून दहा मिनिटं म्हणजे चढाची दहा मिनिटं, हे फेब्रुवारीत दिसलं होतं. आपण सत्तरीचे नाही म्हणून ते डोळ्यांत भरलं नाही.

एका बाबतीत माझं आणि मंदारचं आजही जमत नाही. मी म्हणते बारा कंपन्या कमीच होत्या, सत्तेचाळिसावा दिवस हा नशिबाचा भाग. तो म्हणतो, एका कंपनीत जमलंच ना! एडिसनला राहिला असता तर ती नोकरीही गेली असतीच कधीतरी. त्याचं पूर्ण चूक आहे असं मला म्हणता येत नाही. न्यू जर्सीतली ती जमत आलेली मुलाखत त्याने होकार येताच सोडून दिली, आणि त्यात शलाकाचा आग्रह जास्त होता. मुलीला पुन्हा शाळा बदलायला लावायची नव्हती, आणि खरं म्हणजे तिलाच आता इथून जायचं नव्हतं. हे कुठल्या रकान्यात मांडायचं, मला माहीत नाही.

आज

सहा महिन्यांचा खर्च पुन्हा साठल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्यांनी घर घेतलं. साउथ हिल्समध्येच, पण टेकडीच्या माथ्यावर, सपाट रस्त्यावर. खाणीचा नकाशा बघितला, सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घालून बघितला, आणि त्या रस्त्यावर फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता गाडी उभी करून काचा खाली केल्या होत्या. बर्फ काढून मोकळी केलेली जागा कोणी बळकावू नये म्हणून तिथे खुर्ची ठेवायची इथली रीत आहे. मंदारने त्यासाठी मंडळाच्या जुन्या सामानातून एक मोडकी खुर्ची मागून नेली आहे.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. स्कूल डिस्ट्रिक्टने अपील केलं आहे, सुनावणीची तारीख पडली आहे. टॅक्स किती वाढेल हे त्याने घर घेतानाच शीटमध्ये धरून ठेवलं होतं. मला त्याने वेगळ्याच कामासाठी फोन केला होता. त्याच्या एडिसनच्या एका मित्राला इथली ऑफर आली आहे, आणि मे महिन्यात तीन दिवस आमच्याकडे उतरू का, असं तो विचारतोय.

"मे मध्ये नको म्हणून सांग," मी म्हटलं.

"सांगितलं," मंदार म्हणाला. "ऐकत नाहीये."